चोच शार्प, डोळा मऊ: ६०० मिमीवर फोकस नेमका कुठे निसटतो

तुम्ही लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल डीएसएलआर, त्यावर नवी १५०-६०० मिमी लेन्स. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पाणकणसावर बसलेला छोटा खंड्या, अंतर अंदाजे १० मीटर. सेटिंग ६०० मिमी, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) एफ/६.३, शटर सेकंदाचा १/५००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, कॅमेरा कठड्यावर टेकवलेला. चाळीस फोटोंतल्या बहुतेकांत चोचीचं टोक लख्ख आणि डोळा मऊ. एक मित्र सांगतो एफ/११ वर जा, दुसरा सांगतो लेन्स सदोष आहे, विकून टाका. नेमकं काय करावं?

माझं मत आधीच सांगतो, दोन्ही सल्ले बाजूला ठेवा. तुमच्याच फोटोत उत्तर आहे. चोचीचं टोक शार्प आलंय, म्हणजे ती लेन्स शार्प चित्र देऊ शकते. हात हलला असता तर चोचही फराटली असती. फोकस बसलाय, फक्त पाच सेंटिमीटर अलीकडे बसलाय. छोटा खंड्या सगळा मिळून १६-१७ सेंमीचा पक्षी, त्याच्या चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला होता, म्हणून ते पाच सेंटिमीटर सरळ खोलीत गेले.

आता १० मीटरवर तुमच्या हाताशी खोली, म्हणजे पुढेमागे शार्प दिसणारा पट्टा, किती होती ते पाहू. क्रॉप सेन्सर, ६०० मिमी, एफ/६.३, अंतर १० मीटर, तर डेप्थ ऑफ फील्ड सुमारे ७ सेंमी. हे पुढचं आणि मागचं मिळून. म्हणजे फोकसच्या जागेपासून अलीकडे साडेतीन आणि पलीकडे साडेतीन. चोचीच्या टोकावर फोकस धरला तर पाच सेंटिमीटर मागचा डोळा त्या पट्ट्याबाहेरच राहणार. यात लेन्सचा काही दोष नाही.

‘एक-तृतीयांश पुढे, दोन-तृतीयांश मागे’ हा नियम तुम्ही कुठेतरी वाचला असेल. तो इथे लागू नाही. वाइड लेन्सने निसर्गदृश्य काढताना एका ठरावीक अंतराच्या आसपास तसं घडतं. तुमच्या लेन्सचं हायपरफोकल अंतर (जिथे फोकस धरला की पलीकडचं अगदी दूरपर्यंत सगळं शार्प दिसतं ते) एफ/६.३ वर जवळजवळ २.९ किलोमीटर येतं. त्याच्या तुलनेत १० मीटर म्हणजे नाकासमोरच, आणि इतक्या जवळ खोली पुढेमागे जवळपास निम्मीनिम्मी वाटली जाते. म्हणून ‘थोडं पुढे धरलं तरी मागचं आपोआप येईल’ या भरवशावर राहू नका.

अंतर बदललं की ही खोली वर्गाच्या पटीत बदलते, आणि हे हाताला माहीत असायला हवं. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तेच अ‍ॅपर्चर, पण अंतर ५ मीटर केलं तर खोली पावणेदोन सेंटिमीटर उरते. २० मीटरवर ती २८ सेंमी होते आणि ३० मीटरवर ६३. जवळ जायला मिळालं म्हणून आपण आनंदात असतो, नेमकं तेव्हाच फोकस सर्वांत नाजूक झालेला असतो.

शिवाय हे आकडे उदार आहेत. डेप्थ ऑफ फील्डची गणितं मुळात ८ बाय १० इंचाची प्रिंट फूटभर अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्यासाठी बांधलेली आहेत. आपण संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून पापण्यांचं पीस न् पीस तपासतो. त्या कसोटीला तुमच्या ७ सेंटिमीटरमधले जेमतेम ३ सेंटिमीटर टिकतात. अ‍ॅपवर आकडा बघून ‘यात बसायला हवं होतं’ असं वाटतं आणि फोटो मऊ दिसतो, त्याचं कारण हे.

मग एफ/११ का नको? हिशेब करून बघा. एफ/८ वर ७ चे सुमारे ९ सेंटिमीटर होतात, एफ/११ वर १२. त्या जादा पाच सेंटिमीटरसाठी प्रकाश एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे १/५०० चा १/१६० करा, नाहीतर आयएसओ ८०० चा २४०० करा. कठड्यावर टेकवलेल्या ६०० मिमीला १/१६० म्हणजे हात हलल्याचा धोका, आणि वाऱ्यावर डुलणाऱ्या पाणकणसाला तर नक्कीच कमी. एवढ्या बारीक पिक्सेलवर एफ/११ पासून विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याचा) मऊपणाही जाणवू लागतो. खोली मिळवायला गेलो आणि सगळाच फोटो थोडा थोडा मऊ करून आलो, असा तो व्यवहार आहे. एफ/८ मात्र मी वापरतो, आणि तेही मुख्यतः खोलीसाठी नाही. या वर्गातल्या बहुतेक झूम लेन्स ६०० मिमीला पूर्ण उघड्या असताना किंचित नरम असतात, अ‍ॅपर्चर एक-दोन क्लिक लहान केलं की खुलतात.

एफ/८ ने मागची पार्श्वभूमी ‘मळकट’ होईल ही भीती असेल तर ती सोडा. १० मीटरवर ६०० मिमी असताना दूरच्या पार्श्वभूमीतला प्रत्येक ठिपका एफ/६.३ वर फ्रेमच्या रुंदीच्या पाव भागाएवढा पसरतो, एफ/८ वर पाचव्या भागाएवढा. डोळ्याला हा फरक फारसा कळतही नाही. पार्श्वभूमी लोण्यासारखी यायला पक्षी आणि मागची झाडी यांच्यात अंतर लागतं. झाडी पक्ष्याला खेटून असेल तर एफ/४ ची लाखमोलाची लेन्सही ते देऊ शकत नाही.

खरं काम मला वाटतं वेगळंच आहे. फोकस म्हणजे लेन्सच्या समोर, तिच्या रोखाला काटकोनात धरलेली एक उभी काच समजा. त्या काचेवर जे येईल ते शार्प. काच जाड करणं महाग पडतं हे वर पाहिलं. पण काचेवर काय येईल हे ठरवणं फुकट आहे. खंड्या तुमच्याकडे तोंड करून असेल तर चोच, डोळा, खांदा आणि शेपूट एकामागे एक उभे राहतात, काचेवर एकच गोष्ट बसते. तोच खंड्या पूर्ण कुशीवर, म्हणजे बाजूने, दिसला की चोच, डोळा, पंख सगळं एका पातळीत येतं आणि ३ सेंटिमीटरही पुरून उरतात. खंड्या एका जागी बसून सारखी मान फिरवतो. मी शटरवर बोट ठेवून तो क्षण येईपर्यंत थांबतो. तो फिरत नसेल तर मीच दोन पावलं सरकतो. दहा मीटरवर डावीकडे दोन मीटर सरकलं तर कोन ११-१२ अंशांनी बदलतो, आणि तेवढ्यानेही पुष्कळदा चोच आणि डोळा जवळ येतात.

समोरून बघणारा पक्षी काढूच नये, असं नाही. घुबडाचा तर तोच फोटो. पण मग डोळ्यावर काच ठेवायची आणि चोचीचं टोक मऊ होणार हे मान्य करायचं. पाहणाऱ्याची नजर आधी डोळ्याला जाते. डोळा लख्ख असेल तर नरम चोच कुणी मनावर घेत नाही, उलटं मात्र लगेच खुपतं.

नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून काढत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही वरून खाली पाहता तेव्हा ती काचही तेवढीच कलते. उथळ पाण्यात ताठ उभा असलेला ९० सेंमी उंचीचा राखी बगळा मनोऱ्यावरून २० अंश खाली दिसत असेल, तर त्याचं डोकं आणि पाय यांच्यात खोलीचा फरक ३० सेंटिमीटरचा पडतो. २० मीटरवर तुमच्याकडे पुढेमागे मिळून २८ आहेत. डोकं धरलं तर पाय सुटणारच. तोच बगळा बांधावर पोटावर झोपून, त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून काढा. काच उभी होते, डोक्यापासून पायापर्यंत सगळा बगळा तिच्यावर येतो, आणि पार्श्वभूमी जवळच्या पाण्याऐवजी शंभर मीटर पलीकडच्या काठाची होते. मनोऱ्याची सोय चांगली आहे, पण माझे त्या जागचे मनासारखे फोटो सगळे जमिनीवरून काढलेले आहेत, कपडे चिखलात घालून.

जोडीचं तसंच. चित्रबलाकांची जोडी घरट्यावर असेल तर दोघांचे डोळे तुमच्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी जागा शोधा. मिळत नसेल तर एकाचा डोळा शार्प आणि दुसरा स्पष्टपणे मऊ असू द्या. दोघांच्या मधोमध फोकस ठेवण्याचा मोह होतो, त्यात दोघेही थोडे थोडे बिघडतात.

आता फोकसचा चौकोन. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा लाल चौकोन आणि प्रत्यक्षात फोकस मोजणारा सेन्सर एकाच आकाराचे नसतात, सेन्सर बहुधा मोठा असतो. त्याच्या कक्षेत जिथे ठळक काळं-पांढरं मिळेल तिथे तो चिकटतो. खंड्याची काळी चोच उजळ पाण्यावर म्हणजे त्याच्यासाठी मेजवानी. डोळ्याभोवतीची निळी-नारिंगी पिसं त्यापुढे फिकी. तुमच्या चाळीस फोटोंत तेच घडलंय. उपाय म्हणजे अनेक बिंदूंचा गट बंद करून एकच बिंदू निवडा, आणि तो थेट डोळ्यावर जमत नसेल तर डोळ्याच्या पातळीत असलेल्या, पण चोचीपासून दूर असलेल्या जागेवर ठेवा. खंड्याच्या मानेवरचा पांढरा ठिपका डोळ्याच्या थोडाच मागे असतो आणि त्याची कड ठळक असते. मी बहुतेकदा तिथेच धरतो.

‘फोकस धरून फ्रेम सरकवू नका’ असं सगळे बजावतात, त्यामागचं कारण ६०० मिमीला खरं नाही. ८५ मिमी एफ/१.४ ने जवळून चेहरा काढताना कॅमेरा फिरवला की काच डोळ्यावरून सरकते, तिथे ती चूक मोठी. तुमच्या लेन्सची सगळी फ्रेमच सव्वादोन अंशांची. एक अंश फिरवल्याने १० मीटरवर पडणारा फरक दीड मिलिमीटर. खरा घोळ दुसराच आहे, फ्रेम सरकवताना आपण स्वतः पुढेमागे डोलतो. उभ्या माणसाचं धड श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज हलतं. पाच मीटरवर सगळी खोलीच पावणेदोन सेंटिमीटरची आहे. एकदा धरलेला फोकस अर्ध्या सेकंदात शिळा होतो.

म्हणून स्थिर पक्ष्यालाही मी कंटिन्युअस फोकसच वापरतो, आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर दिलाय. अंगठा दाबलेला असेपर्यंत कॅमेरा माझं डोलणं आणि फांदीचं हलणं दोन्ही भरून काढत राहतो. समोर गवताचं पातं आलं की अंगठा उचलायचा. एक-दोन आठवडे अवघड जातं, नंतर हाताला जुनी पद्धत नकोशी होते. याच्या जोडीला चार-पाच फ्रेमचे छोटे बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेले फोटो. कॅमेरा दर फ्रेमला फोकस थोडा पुढेमागे करतो, त्यातली एखादी डोळ्यावर अचूक पडते. तीस फ्रेमचा लांब बर्स्ट मारून काही जादा मिळत नाही, फक्त घरी जाऊन निवडायचं काम वाढतं.

समोरून चालत येणाऱ्या प्राण्याला तर दुसरा मार्गच नाही. ताडोबाच्या रस्त्यावर वाघ जिप्सीकडे सावकाश चालत येतोय, सेकंदाला एक मीटर धरा. शटर दाबल्यापासून डीएसएलआरचा आरसा उठून शटर उघडेपर्यंतच तो पाच सेंटिमीटर पुढे आलेला असतो. एकदाच धरलेल्या फोकसवर अर्धा सेकंद रेंगाळलात तर अर्धा मीटर गेला. फोकस नाकावर नको, दोन डोळ्यांच्या मधल्या पट्ट्यांवर ठेवा, तिथे कॅमेऱ्याला चिकटायला भरपूर रेषा असतात. जिप्सीत लेन्स टेकवायला बीन बॅग हवी. मी रिकामी पिशवी नेतो आणि मोहर्लीत (ताडोबाच्या प्रवेशद्वाराच्या गावात) दुकानातून तांदूळ घेऊन भरतो, परतताना ते तांदूळ मुक्कामाच्या घरी देऊन येतो. आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. जिप्सीची ती थरथर कुठलीही स्थिरीकरण यंत्रणा पूर्ण भरून काढत नाही.

तरीही फोटो मऊ आला तर तपासायचा कसा? शंभर टक्के मोठा करा आणि डोळा सोडून बाकीच्या फ्रेममध्ये फिरा. कुठेतरी, पुढच्या पात्यावर किंवा मागच्या शेपटीवर, काहीतरी लख्ख असेल तर फोकस निसटलाय. कुठेच काही लख्ख नसेल आणि बारीक चकाकी एकाच दिशेला रेघेसारख्या ओढल्या असतील तर हात हलला. सगळा पक्षी तसा असेल पण फांदी लख्ख असेल तर पक्षी हलला, शटर वाढवा. आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये कडा वेगवेगळ्या तऱ्हेने पाण्यातून पाहिल्यासारख्या वाकड्या दिसत असतील तर तो हवेचा खेळ आहे. सकाळी नऊनंतर, विशेषतः पाण्यावरून किंवा नांगरलेल्या शेतावरून ४०-५० मीटर पलीकडचं काढताना, हे इतकं होतं की कुठलीही लेन्स हतबल असते. थंडीच्या पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं तेव्हाही होतं. गाडीच्या खिडकीतून काढत असाल आणि आत एसी चालू असेल, तर खिडकीतच गरम-थंड हवा मिसळते. एसी बंद करा, काचा पूर्ण उतरवा, दहा मिनिटं थांबा.

लेन्सवर काचेचा फिल्टर आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तो फिल्टर उतरवा आणि पुन्हा फोटो काढून पाहा. मी एक अख्खा हिवाळा माझ्या लेन्सला दोष देत होतो. दुरुस्तीला टाकली, ‘काही दोष नाही’ म्हणून परत आली, पुन्हा टाकली. शेवटी कंटाळून समोरचा संरक्षक फिल्टर काढला आणि पहिल्याच फ्रेममध्ये पिसं मोजता येऊ लागली. छोट्या लेन्सवर जी किंचित वाकडी काच काही बिघडवत नाही ती ६०० मिमीवर सगळं बिघडवते. तो हिवाळा पट्टकादंब या पाहुण्या पक्ष्यांचा फार सुंदर गेला होता, आणि माझ्याकडे त्याचा एकही धड फोटो नाही. याची हळहळ आजही आहे. संरक्षणाला हूड (लेन्सपुढे लावायची नळी) पुरतो.

लेन्स आणि बॉडीचं एकमेकांशी जुळत नसेल ही शंकाही एकदा फेडून घ्या. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आणि चित्र टिपणारा सेन्सर वेगळे असतात, त्यांच्यात सूक्ष्म फरक पडू शकतो. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) चित्राचा सेन्सरच फोकस मोजतो, म्हणून तिथे हा प्रश्न जवळपास उरत नाही. गच्चीच्या कठड्यावर पाच काडेपेट्या तिरप्या रांगेत मांडा, प्रत्येक आधीच्यापेक्षा तीन सेंटिमीटर मागे. कॅमेरा ट्रायपॉडवर, अंतर तुमचं नेहमीचं १० मीटर, ६०० मिमी, एफ/६.३, रिमोट किंवा सेल्फ टायमर. मधल्या पेटीवर फोकस धरून दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी आधी फोकस पूर्ण बिघडवून. दहांपैकी आठ-नऊमध्ये मधलीच पेटी सर्वांत शार्प असेल तर जोडी ठीक आहे. दरवेळी अलीकडचीच शार्प येत असेल तर दुरुस्ती हवी. आज एक, उद्या दुसरी असं होत असेल तर तो दोष नव्हे, ऑटोफोकसची स्वाभाविक चलबिचल आहे. दुरुस्ती कॅमेऱ्याच्या मेन्यूत उणे २० ते अधिक २० अशा पट्टीवर करता येते. तुमच्या बॉडीत ती सोय नसेल तर सिग्माचा यूएसबी डॉक किंवा टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल त्या त्या कंपनीच्या काही डीएसएलआर लेन्सना चालतो, आणि त्यात वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगळी दुरुस्ती करता येते. सकाळच्या उजेडात करा, ट्यूबलाइटखाली नको.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. ‘अजून थोडं जवळ’ हा हट्ट फोकसला आणि पक्ष्याला, दोघांनाही महागात पडतो. १० मीटरऐवजी १४ मीटरवरून काढा आणि घरी क्रॉप करून पक्षी तेवढाच मोठा करा. क्रॉपचा हिशेब धरूनही खोली ७ चे जवळपास १० सेंटिमीटर होते, म्हणजे तेवढी खोली तुम्ही एक थेंबही प्रकाश न गमावता मिळवली. २४ मेगापिक्सेलचे १२ उरतात, ए४ प्रिंटला ते पुरून उरतात. दरवर्षी जूनमध्ये कोकणात तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा पक्षी, ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून घरटं घालतो. भर पावसात, झाडोऱ्याच्या अंधारात त्याच्या बिळासमोर चार-पाच मीटरवर कॅमेऱ्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे. तोंडात सरडा घेऊन आलेली मादी समोर माणसं बघून फांदीवर ताटकळत बसते आणि पिल्लं आत उपाशी असतात. त्या अंतरावर खोली दोन सेंटिमीटरही नाही, आयएसओ आभाळाला, म्हणजे फोटोही धड येत नाही. मी घरट्यावर काढत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला, तो मासा-सरडा धरायला जिथे बसतो त्या फांदीपासून १२ मीटरवर ट्रायपॉड लावून बसतो. अंगावर मळकट रेनकोट, लेन्सवर प्लॅस्टिक. तो बसला की काही क्षण अगदी पुतळ्यासारखा असतो, तेव्हा १/६० लाही चालतं. मान वळते, चोच आणि डोळा एका पातळीत येतात, तेव्हा तीन फ्रेम.

तेव्हा लेन्स विकू नका. आधी फिल्टर, मग काडेपेट्या. त्या दोन्हीत काही निघालं नाही तर पुढच्या वेळी एफ/८, १/१०००, आयएसओ २५०० च्या आसपास, एकच बिंदू मानेच्या पांढऱ्या ठिपक्यावर, अंगठा दाबलेला, आणि खंड्या कुशीवर वळेपर्यंत शटरवरचं बोट सैल. चाळीसऐवजी दहाच फोटो आणा, पण सोबत प्रत्येकाचं अंदाजे अंतर लिहून ठेवा, म्हणजे पुढचं बोलणं नेमकं होईल.